मागचे दोघे

माथेरानात वर्ष दोन तुकड्यांचं असतं. एक सीझन, दुसरं उरलेलं वर्ष. एप्रिल-मेमध्ये आणि मग दिवाळीच्या सुमाराला मुंबईची माणसं वर येतात, बंगल्यांची दारं उघडतात, घोडे खरारा करून उभे राहतात, चिक्कीच्या दुकानांत रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात. जूनच्या मध्यावर पाऊस येतो, नेरळची छोटी गाडी बंद होते, खिडक्यांवर प्लास्टिक चढतं आणि ज्यांना जाता येतं ते सगळे खाली जातात. आम्हांला जाता यायचं नाही. माझे वडील एका बंगल्याचे माळी होते. म्हणायचे माळी, पण बाग ही त्यांची सगळ्यांत लहान जबाबदारी. माकडांनी उचकटलेली कौलं बसवायची, वाळवी बघायची, पाऊस ओसरला की गाद्यांना ऊन दाखवायचं, पितळेच्या कड्या चिंचेनं घासायच्या. वर्षाचा बराच काळ त्या घराच्या किल्ल्या आमच्या खुंटीवर असायच्या. शेठ मंडळी आली की त्याच घरात आम्ही मागच्या दारी चपला काढून, विचारून शिरायचो. आमची राहण्याची खोली आवाराच्या टोकाला, जांभळाच्या झाडाखाली होती. वडिलांचं काम गेलं असतं तर ती खोलीही गेली असती. हे कुणी कधी बोललं नाही. सांगायची गरजच नव्हती.

ही मांडणी जुनी आहे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून आले आणि इथे गोऱ्या साहेबांची, मागोमाग मुंबईच्या धनिकांची उन्हाळी घरं उभी राहिली. १९०७ साली पीरभॉय घराण्यानं नेरळहून दोन फुटी रुळांची रेल्वे वर आणली. सोळा लाख रुपये लागले असं बाजारातली जुनी माणसं आपल्याच खिशातून गेल्यासारखं सांगायची. मोटारींना मात्र दस्तुरी नाक्याच्या पुढे मज्जाव. तिथून बाजारपेठ तीनेक किलोमीटर. माझ्या लहानपणी ते अंतर घोड्यावरून, हातरिक्षातून किंवा आपल्या पायांनी कापायचं. सामान हमालाच्या डोक्यावर. मोटार नाही म्हणून माथेरानची हवा स्वच्छ, हे सगळे म्हणतात. मोटारीचं काम माणसं करतात म्हणून ती स्वच्छ हवा सोयीची होते, हे कमी लोक म्हणतात.

माझ्यावरचं सर्वांत मोठं ऋण अशाच एका हातरिक्षाचं आहे, आणि मी त्या रिक्षात कधीही बसलेली नाही.

तिला पुढे ओढायचे ते तात्या. आमच्याशी नात्यागोत्याचे नव्हते; अख्खा बाजार त्यांना तात्या म्हणायचा. लहानपणी घाटावरून आले आणि इथलेच झाले. अंगानं किरकोळ, पिंढऱ्या मात्र दोरखंडासारख्या. सकाळच्या गाडीनं वर्तमानपत्र आलं की स्टेशनासमोरच्या बाकावर बसून मोठ्यानं वाचायचे. वाचता न येणारे घोडेवाले आणि हमाल भोवती उभे राहायचे, मधूनच एखादा म्हणायचा, "तात्या, तो पावसाचा अंदाज परत वाचा."

त्यांच्या रिक्षाला मागून ढकलायला दोघे भाऊ होते. डोंगराच्या पोटाशी असलेल्या ठाकरवाडीतले. रोज पहाटे पायवाटेनं वर यायचे, रात्री उतरायचे. एकट्यानं हातरिक्षा चालत नाही. चढाला मागच्यांचा जोर लागतो आणि उताराला मागच्यांनीच गाडी ओढून धरायची असते, नाहीतर ती पुढच्याच्या अंगावर जाते. पण बसणाऱ्याला दिसते पुढच्याची पाठ. भाडं त्याच्याशी ठरतं, पॉइंटांची नावं त्याला विचारली जातात, बक्षिशी त्याच्या हातावर पडते. मागच्या दोघांचं तोंड पाहायचं तर मान वळवावी लागते.

आमच्या बंगल्यातल्या मोठ्या बाई, म्हणजे शेठच्या आई, सीझनभर तात्यांच्याच रिक्षातून रोज संध्याकाळी फेरी मारायच्या. रिक्षावाल्यांच्या भाषेत हे बांधलेलं गिऱ्हाईक. सीझनमधल्या अशा एका गिऱ्हाइकावर तिघांचा पावसाळा निघायचा.

आता त्या मे महिन्याकडे येते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, मी आठवी पास झाले होते. बंगल्यात शेठची मुलगी माझ्याच वयाची. ती दरवर्षी रहस्यकथांची चळत घेऊन यायची. तिच्याकडची इंग्रजी पुस्तकं ती मला मराठीत सांगायची. मी तिला शाळेच्या कपाटातले भा. रा. भागवतांचे फास्टर फेणे वाचून दाखवायची. आम्ही दोघी मागच्या पायऱ्यांवर बसून गुन्हेगार ओळखायची पैज लावायचो. घरातली वस्तू गेली की त्या गोष्टींमधले मोठे लोक आधी स्वयंपाकी, मग माळी, मग वाटेवरचा भटक्या अशा क्रमानं संशय घ्यायचे. ते आम्हांला फार मजेचं वाटायचं.

मग मोठ्या बाईंची सोन्याची साखळी गेली. आंघोळीला जाताना त्या ती काढून आरशाखालच्या खणात ठेवत. त्या खोलीत सकाळी तांब्या-पेला ठेवायला मी जायची, केर आई काढायची. घरात आणखी पाहुणे होते, शेठचा कॉलेजात जाणारा भाचा होता, स्वयंपाकी होता. पण दुपारपर्यंत सगळ्यांच्या बोलण्यातून एकेक जण गळत गेला आणि उरले मी. कुणी आरडाओरडा केला नाही. शेठ वडिलांना बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, की पोर लहान आहे, हातून झालं असेल, उद्या संध्याकाळपर्यंत वस्तू जागेवर आली तर कुणी काही विचारणार नाही.

वडील परत आले. काही बोलले नाहीत. आमची पत्र्याची पेटी उचलून त्यांनी बंगल्याच्या व्हरांड्यात नेली आणि कुणी सांगितलेलं नसताना फरशीवर पालथी केली. आईचं लग्नातलं पातळ, माझी प्रगतिपुस्तकं, देवाचे टाक, रेशनकार्ड, थोडे पैसे बांधलेला रुमाल. सगळे व्हरांड्यात उभे राहून ते बघत होते. शेठची मुलगीही. ती माझ्याकडे बघत नव्हती, पेटीतल्या वस्तूंकडे बघत होती. गोष्टींमधला गुप्तहेर बघतो तशी.

मी तिथून पळाले ती थेट बाजारात. तात्या बाकावर होते. काय झालं ते मी हुंदके देत सांगितलं आणि सांगता सांगता माझ्या डोक्यात घोळत असलेली एक गोष्ट बाहेर पडली. बंगल्यातल्या सगळ्यांचे बूट रोज संध्याकाळी मी पुसायची. माथेरानची माती लाल. चार पावलं चाला, बुटाच्या शिवणीत, नाड्यांच्या भोकांत ती जाऊन बसते आणि ओल्या फडक्यानंही सहज निघत नाही. आदल्या दिवशी भाचा सकाळीच बाहेर पडला होता. अंधार पडताना परत आला आणि वन ट्री हिल, चौक पॉइंट असं सगळं पायी फिरून आलो म्हणाला. डोंगराच्या पार दक्षिण टोकाला जाऊन यायचं म्हणजे बूट विटेसारखे व्हायला हवेत. माझ्याकडे आले तेव्हा तळव्यांना थोडी लाली होती, बाकी शिवणींत करडी-पांढरी धूळ. तसली धूळ वर नसते. ती खाली नेरळच्या रस्त्यावर असते.

तात्या बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "घरी जा. पाणी पी. आणि हे बुटांचं कुणाजवळ बोलू नको. आईजवळ पण नको."

तेव्हा मला ते कठोर वाटलं. ते तसं का म्हणाले, ते कळायला बराच काळ गेला. माझ्याकडे अर्धी गोष्ट होती, उरलेली अर्धी त्यांच्याकडे होती. आदल्या संध्याकाळी दस्तुरी नाक्यावर त्यांचा नंबर लागला होता. नेरळहून आलेल्या टॅक्सीतून एकटा तरुण उतरला आणि रिक्षाचं हूड ओढून आत बसला. धडधाकट पोरगा रिक्षात बसतो याचंच तात्यांना नवल वाटलं; त्या वयाची मुलं घोडा पळवतात, नाहीतर चालतात. गाडीनं यावं तर स्टेशन भर बाजारात, उतरताना चार ओळखीचे बघणार. बंगल्याच्या फाटकाच्या अलीकडच्या वळणावर त्यानं रिक्षा थांबवली, पैसे दिले आणि चालत गेला. हा तोच भाचा होता. तात्या त्याच्या आजीला रोज त्याच फाटकातून नेत-आणत होते. तो पायऱ्यांवर उभा राहून त्यांच्याकडे बघायचा. तरी दस्तुरीवर त्यानं त्यांना ओळखलं नाही. त्यानं रिक्षा पाहिली होती, माणूस पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोठ्या बाई नेहमीप्रमाणे फेरीला निघाल्या. परत आल्या त्या कुणाशी न बोलता खोलीत गेल्या आणि शेठला आत बोलावून दार लावून घेतलं. शेठ सकाळच्या गाडीनं खाली गेले. संध्याकाळी साखळी बाईंच्या गळ्यात होती. खणाच्या मागच्या फटीत पडली होती म्हणे. बंगल्यातली हकीकत तेवढीच राहिली. बाजारातली हकीकत वेगळी होती: भाचा इतर बंगल्यांतल्या पोरांबरोबर पत्त्यांत हरला, साखळी खाली गहाण पडली, शेठनं सोडवून आणली. दोन्ही हकीकती एकाच डोंगरावर नांदल्या आणि एकमेकींच्या वाटेला गेल्या नाहीत. आईला एक साडी मिळाली. आईनं ती सणावाराला कधी नेसली नाही; भांडी घासायला, केर काढायला नेसली आणि दोन पावसाळ्यांत तिच्या चिंध्या करून लाद्या पुसायला घेतल्या.

तात्यांचं बांधलेलं गिऱ्हाईक त्या दिवशी सुटलं. दुसऱ्या संध्याकाळी फाटकाशी वेगळी रिक्षा उभी होती. पुढच्या सीझनलाही तात्यांना बोलावणं आलं नाही. शेजारच्या दोन बंगल्यांनीही त्यांना टाळलं. "तो पॅसेंजरचं बाहेर बोलतो" असा शिक्का बसला. त्या धंद्यात ह्याहून वाईट शिक्का नाही. रिक्षात कोण कुणाबरोबर बसलं, कुठे उतरलं, काय बोललं हे सगळं ओढणाऱ्याला माहीत असतं. त्यानं ते पोटात ठेवायचं, हा न लिहिलेला करार. तात्यांनी तो जन्मात एकदा मोडला, आणि तोही अर्धाच. त्यांनी बाईंना सांगितलं ते दस्तुरी नाक्याचं आणि करड्या धुळीचंही, पण धूळ आपण स्वतः पाहिली असं म्हणून. माझं नाव त्यात कुठेही आलं नाही. मी बोलले असते तर माळ्याच्या पोरीनं शेठच्या भाच्यावर आळ घेतला असं झालं असतं, आणि साखळी मिळूनही आमची खोली गेली असती. माझ्या वाटणीचं बोलणंही त्यांनी आपल्या अंगावर घेतलं. भाच्याचं नाव कुठे घेणार नाही असा शब्द त्यांनी बाईंना दिला होता. तो त्यांनी पाळला, म्हणून मीही पाळते.

शेठची मुलगी पुढच्या सीझनला आली, पण मागच्या पायऱ्यांवर आली नाही. तिनं स्वयंपाक्याबरोबर पुस्तकांचं एक बोचकं पाठवलं. त्यात एकही रहस्यकथा नव्हती. तिला दोन्हींतली कुठली हकीकत ठाऊक होती, ते मी कधी विचारलं नाही.

दहावी झाल्यावर वडिलांच्या मनात मला एखाद्या लॉजवर कामाला लावायचं होतं. तात्या खोलीवर आले. उपदेश त्यांना जमायचा नाही, त्यांना माहिती सांगायला आवडायची. त्यांनी भाई कोतवालांची गोष्ट काढली. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म १ डिसेंबर १९१२, इथलाच, न्हाव्याच्या घरातला. शिकून वकील झाला, माथेरानच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष झाला, खालच्या गावांतल्या शेतकऱ्यांसाठी धान्याची पेढी काढली. बेचाळीसमध्ये आझाद दस्ता उभारून विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांबरोबर हुतात्मा झाला. हे सगळं वडिलांना माहीत होतं, माथेरानात कुणाला माहीत नसतं? तात्या म्हणाले, "तो हुतात्मा झाला ते सगळे सांगतात. आधी वकील झाला ते कुणी सांगत नाही. बंगलेवाल्यांच्या हजामती करणाऱ्या आळीतनं वकील झाला. पोरीला खाली पाठवा."

वडील म्हणाले, पावसाळ्यात गाडी बंद, टॅक्सीला पैसे कुठून आणू. त्याची सोयही तात्या करून आले होते. मागच्या दोघांच्या घरच्या बाया रोज पहाटे मोळ्या, भाजी, करवंदं-जांभळांच्या पाट्या घेऊन वर यायच्या आणि ऊन चढायच्या आत उतरायच्या. सुट्टीत घरी आलेली मी त्यांच्या सोबतीनं चढायची-उतरायची. आठवडाभर नेरळला नातलगांकडे राहायची. धो धो पावसात, शेवाळलेल्या पायवाटेवर त्या पुढे-मागे चालायच्या आणि मला मधे ठेवायच्या. एकीनंही कधी विचारलं नाही की ही शिकून काय करणार. मी शिकून शिक्षिका झाले, बदल्या होत होत कर्जत तालुक्यातच राहिले.

तात्यांना मी एकदा पहिल्या पगारातून धोतरजोडी नेली. त्यांनी ठेवून घेतली आणि म्हणाले, "मागच्यांना काय आणलंस?" मला वाटलं चेष्टा करताहेत. तात्या गेल्यावर, त्यांच्या दहाव्याला मागच्यातला धाकटा भेटला तेव्हा त्या प्रश्नाचा उलगडा झाला.

त्या संध्याकाळी बाईंना घेऊन ते चढावर आले तेव्हा तात्यांनी दम लागल्याचं निमित्त करून रिक्षा थांबवली. चाकाला दगड लावायला म्हणून मागे आले आणि हळूच विचारलं, "बोलू का? बोललो तर उद्यापासून हे गिऱ्हाईक नाही." थोरला काही बोलला नाही, त्यानं डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधलं. धाकट्याचं त्या पावसाळ्यानंतर लग्न ठरलेलं होतं आणि उचल घेऊन झाली होती. तो म्हणाला, "बोल." मग तात्या पुढे गेले, दांड्या उचलल्या आणि बाईंकडे पाठ असताना, पुढे बघत, चालता चालता सगळं सांगितलं. मागचे दोघे ढकलत राहिले. धाकट्याचं लग्न त्या वर्षी झालं नाही, पुढच्या वर्षी झालं. हे त्यानं मला तक्रार म्हणून सांगितलं नाही. तात्यांच्या आठवणी निघाल्या, त्यात हीही निघाली.

तोवर मी माझं ऋण एकाच माणसाच्या नावावर मांडत आले होते. खरं तर त्या दिवशी मला वाचवायचं की नाही, याचा कौल तिघांनी दिला. आणि त्याची किंमत भरली ती ज्याला सर्वांत जास्त गरज होती त्यानं.

पुढे माथेरान बदललं. २००३ साली केंद्र सरकारनं ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केलं. २००५ च्या पावसानं रेल्वेचे रूळ वाहून गेले, दोन वर्षांनी गाडी पुन्हा सुरू झाली. दस्तुरीपासून बाजाराच्या रस्त्यावर मातीच्या विटांचे ब्लॉक बसले. आता बुटांवरून तिथे काही ओळखता यायचं नाही. हातरिक्षावाल्यांची संघटना ई-रिक्षासाठी वर्षानुवर्षं भांडली आणि २०२२ साली प्रायोगिक तत्त्वावर ती आली. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानं निकाल दिला: माणसानं माणसाला ओढणं मानवी प्रतिष्ठेला धरून नाही, सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा, हातरिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा भाड्यानं मिळतील अशी योजना आखा आणि पैसा नाही ही सबब सांगू नका.

निकाल आला त्या आठवड्यात मी वाडीवर गेले. थोरला आता नाही. धाकटा अंगणात बसला होता, गुडघे गेलेले, बाकी ठणठणीत. मी वर्तमानपत्रातली बातमी मोठ्यानं वाचून दाखवली, तात्या वाचायचे तशी, सावकाश. त्यानं मधे एकदाही अडवलं नाही. वाचून झाल्यावर म्हणाला, "परवाने किती होते?" मी म्हटलं, "चौऱ्याण्णव." त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं. "एका परवान्याला माणसं तीन. ई-रिक्षाला डायवर एक. बाकीचे दोघं कुठल्या कागदावर हायत?"

कुठल्याच नव्हते. परवाना रिक्षाचा असतो, मागून ढकलणाऱ्याचा नसतो. त्याचा नातू हमाली करतो आणि त्याला रिक्षा चालवता येते. मी तिथेच वहीचा कागद फाडून नगरपालिकेला अर्ज लिहायला घेतला. कुणाच्या रिक्षावर, किती वर्षं, कोणत्या जागी काम केलं ते म्हाताऱ्याला विचारून विचारून भरलं. एका नातवाच्या अर्जानं माझं देणं फिटत नाही, हे मला कळतं. पण वाडीत असे अजून आहेत. शाळा सुटल्यावर मला वेळ असतो, आणि अर्ज लिहायला मी तात्यांमुळेच शिकले.

अर्ज पुरा झाल्यावर म्हातारा अंगठ्याची शाई लुगड्याच्या तुकड्याला पुसत म्हणाला, "ते सगळं ठीक हाय, बाई. पण ऐन चढावर त्या गाडीची बॅटरी संपली, तर ढकलायचं कुनी, ते लिव्हलंय का निकालात?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर खो खो हसला.